सासूबाईंच्या गादीखालची वीज

आमच्या ह्यांनी जन्मभर लोकांची वीज घालवली. नोकरीच तशी होती. उपकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये बसायचं, मागणी वाढली की कुठला फीडर, म्हणजे कुठल्या भागाची लाइन, बंद करायचा ते ठरवायचं आणि खटका ओढायचा. इकडे खटका ओढला की तिकडे चार गल्ल्या अंधारात आणि फोन खणखणायला सुरुवात. सगळा गाव ज्याच्या नावाने खडे फोडायचा, तो माणूस घरी येऊन माझ्यासमोर शांतपणे चहा प्यायचा आणि वर मलाच सांगायचा, "आज भारनियमन फार सुरेख झालं."

असा माणूस निवृत्त झाल्यावर काय करणार? घरची वीज कोणी बंद करू देईना. मी मिक्सर लावलेला असताना ह्यांनी एकदा मेन स्विच पाडून बघितला, तेव्हा मी असा अबोला धरला की पुन्हा त्या स्विचकडे बघायची ह्यांची छाती झाली नाही. मग ह्यांनी घरगाडी घेतली. घरगाडी म्हणजे जिच्या पोटात पलंग, ओटा, न्हाणीघर असं सगळं असतं ती. सासूबाई तिला 'डबा' म्हणतात. सासूबाई ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत. गुडघे कामातून गेलेत, पण कान आणि जीभ अजून कारखान्यातून आल्यासारखी आहेत.

घरगाड्या उतरतात त्या बऱ्याच तळांवर विजेचा खांब असतो. खांबाला वायर जोडली की हवी तेवढी वीज. आमचे हे अशा तळाकडे ढुंकूनही बघत नाहीत. "खांबाला बांधूनच घ्यायचं होतं तर घर काय वाईट होतं?" म्हणतात. म्हणून आमचा मुक्काम नेहमी तळ्याकाठी, नाहीतर माळावर, जिथे विजेची तारसुद्धा दिसत नाही तिथे. छपरावर सौर पॅनेल, ओट्याखाली एक मोठी बॅटरी, आणि बॅटरीच्या वर भिंतीला काट्याचा जुना मीटर. तो मीटर निरोप समारंभात सहकाऱ्यांनी भेट दिला होता. लोकांना अशा वेळी घड्याळ देतात, ह्यांना मीटर दिला. हे सकाळी उठून देवाला नाही, त्या काट्याला नमस्कार करतात असा मला संशय आहे.

आणि मग भारनियमन. गाडीतल्या प्रत्येक गोष्टीला ह्यांनी फीडर करून टाकलं. पहिला फीडर फ्रिज, दुसरा पाण्याचा पंप, तिसरा दिवे, चौथा मोबाइल. माझा मिक्सर 'औद्योगिक ग्राहक', त्याला भर दुपारी ऊन असेल तरच पुरवठा. केस वाळवायचं यंत्र मी आणलं होतं, ते ह्यांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि "ह्या ग्राहकाला जोडणी नाकारण्यात येत आहे" असं म्हणून परत पिशवीत ठेवलं. फक्त एका बॅटरीला कोणी हात लावायचा नाही. ती पुढे, इंजिनाशेजारी असते आणि गाडी सुरू करते. तिचं नाव 'हॉस्पिटल फीडर'. उपकेंद्रात कितीही तंगी असली तरी दवाखान्याची लाइन कधी पाडायची नाही असा नियम होता. ह्यांनी ती नोकरीत एकदाही पाडली नाही. हे सांगताना ह्यांचा आवाज अजून बदलतो.

एवढं सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, ही बाई वैतागली असेल. वैतागते की. पण मला ती गाडी जिवापाड आवडते. नोकरीच्या सगळ्या वर्षांत माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची एकच भिंत दिसली, आणि त्या भिंतीवरचा पाइप. आता रोज सकाळी ओट्यापुढची खिडकी उघडली की समोर काय असेल ते सांगता येत नाही. कधी तळं, कधी धुकं, कधी खिडकीत तोंड घालणारी म्हैस. ह्या वयात कोणाला रोज नवीन खिडकी मिळते? तिच्यासाठी मी भारनियमनच काय, उपासही काढला असता.

पण एक गोष्ट मला बघवली नाही. पहिल्याच पावसाळी मुक्कामात ह्यांची बॅटरी आडवी झाली. काटा तळाला टेकला, फ्रिजमधलं दूध नासलं, आणि हे मीटरसमोर असे बसले की जणू घरात कोणी गेलंय. जेवले नाहीत. मी ठरवलं, असं पुन्हा होऊ द्यायचं नाही, आणि ह्यांना कळूही द्यायचं नाही. गाडी सर्व्हिसिंगला दिली तेव्हा मी मेकॅनिकला बाजूला घेतलं. दुसरी एक बॅटरी बसवायची, म्हटलं, ह्यांच्या नकळत. बायका डाळीच्या डब्यात चार नोटा लपवतात, मी सासूबाईंच्या गादीखाली वीज लपवली. आईची गादी उचलून बघेल असा मुलगा अजून जन्माला यायचाय.

ही बॅटरी गाडी चालताना इंजिनावरून भरायची. मेकॅनिक म्हणाला, "काकू, मध्ये एक आयसोलेटर लागेल. म्हणजे ही रिकामी झाली तरी इंजिनाची बॅटरी हिच्या मागोमाग रिकामी होणार नाही."

"तो कुठे बसतो?"

"इंजिनापाशी."

इंजिनापाशी नवी डबी दिसली की ह्यांनी ती जेवणाआधी खोलून बघितली असती. मी म्हटलं, "राहू दे. ही रिकामी होऊ देतंय कोण?"

तेव्हापासून सगळं सुरळीत चाललं होतं. दुपारी जेवून हे घोरायला लागले की मी तांदळाचा डबा सरकवायची. त्याच्यामागे एक खटका आणि एक इवलासा हिरवा दिवा. दिवा लागलेला असला म्हणजे गादीखाली माल आहे. खटका फिरवला की माझी वीज गुपचूप ह्यांच्या बॅटरीत. हे उठायचे, डोळे चोळत मीटरसमोर जायचे आणि हरखून जायचे. "बघ," म्हणायचे, "बाहेर आभाळ गच्च आहे आणि काटा वर चाललाय. ह्याला म्हणतात नियोजन." मग जुन्या सहकाऱ्यांना फोन. मी तांदूळ निवडत बसायची आणि चेहरा सरळ ठेवायची. नवऱ्याला सुखी ठेवायचे पुष्कळ मार्ग आहेत, हा त्यातला स्वच्छ म्हणायचा.

इथवर ठीक होतं. मग आमच्या लेकीने फोन केला.

लेक विमा कंपनीत आहे. अपघात झाला की जाऊन बघायचं, खरा की खोटा ते ठरवायचं, असं तिचं काम. जगात जे जे मोडू शकतं ते तिला आधी दिसतं. तिचं म्हणणं असं की बाबा फोनवर तीच गोष्ट दोनदा सांगतात, तिला आत्याच्या नावाने हाक मारतात, आणि मागे एकदा पाण्याची टाकी भरायला लावून विसरले होते. "आई, त्यांचं वय झालंय, आजीचं तर झालंच आहे. रानात कुठेतरी आजीला काही झालं आणि गाडी सुरूच झाली नाही तर?" तिच्या इमारतीत तळमजल्यावर एक फ्लॅट रिकामा झाला होता. लिफ्टशेजारी. खिडकीतून पार्किंग दिसतं. आणि जुन्या घरगाड्या विकत घेणारे एक गृहस्थ तिने शोधूनही ठेवले होते.

हे म्हणाले, "ये आणि बघ. मग बोल."

ठरलं असं की शुक्रवार ते रविवार ती आमच्याबरोबर राहील. आतलं सगळं नीट चाललं आणि रविवारी सकाळी गाडी सुरू झाली, तर ती त्या गृहस्थांना नको म्हणून कळवेल. नाही झाली, तर ते रविवारी दुपारी येऊन गाडी बघतील. बापलेकीने फोनवरच कबूल केलं. मला कोणी विचारलं नाही. मी विचारायची वाट बघत बसणाऱ्यातली नाही, पण ह्या वेळी मी तोंड घालायच्या आत ठरूनही गेलं. तो फ्लॅट, ते पार्किंग, आणि ओट्यापाशी उभी राहून रोज त्याच गाड्या बघणारी मी, सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं.

आम्ही बुधवारी एका तळ्याकाठी गाडी लावली. मुद्दाम मोकळी जागा निवडली, पॅनेलवर सावली नको म्हणून. बुधवारी आणि गुरुवारी लख्ख ऊन होतं, काटा वर जाऊन टेकला होता. मला खटका फिरवायची गरजच पडली नाही. शुक्रवारी दुपारी जावईबापूंनी लेकीला आणून सोडलं आणि ते परत गेले. त्यांची गाडी वळणाआड गेली आणि आभाळ भरून आलं. वेळ साधून यावं तर असं.

लेकीने बॅग ठेवली आणि तपासणी सुरू केली. गॅसचा नळ हुंगला, दाराची कडी हलवून पाहिली, आग विझवायच्या सिलिंडरवरची तारीख वाचली. हे तिच्यामागे हात पाठीशी बांधून, मंत्री आल्यासारखे. प्रत्येक फीडर समजावून सांगितला. शेवटी पुढे नेऊन इंजिनाची बॅटरी दाखवली.

"हा हॉस्पिटल फीडर. आजीला मध्यरात्री काही झालं तरी हिच्यावर गाडी सुरू होणार. हा कधी पडत नाही."

"कधीच?"

"आजवर पाडला नाही."

लेकीने वडिलांकडे जसं पाहिलं, त्यात खोटं शोधणं नव्हतं, काळजी होती. ते मला जास्त लागलं.

शनिवारी सकाळी सूर्य आहे की नाही तेच कळेना. तळ्यावर धुकं, छपरावर धुकं, ह्यांच्या चष्म्यावर धुकं. माणसं चार, आणि आत येणारी वीज जवळजवळ शून्य. हे चवताळले, म्हणजे आनंदाने. इतक्या दिवसांनी खरीखुरी टंचाई मिळाली होती. सकाळीच त्यांनी न्हाणीघरातला सोडून बाकीचे दिवे बंद केले, फ्रिज एक तास आड केला, पंप फक्त मागणी केल्यावर. काटा हळूहळू उतरत होता. मी मनात म्हटलं, उतरू दे, दुपार होऊ दे.

दुपारी हे घोरायला लागले. लेक तळ्याकडे फिरायला गेली. मी तांदळाचा डबा सरकवला.

हिरवा दिवा विझलेला होता.

मी खटक्याला हात लावला नाही. आधी सासूबाईंच्या पलंगाकडे गेले. सासूबाई डोळे मिटून पडल्या होत्या, आणि त्या घोरत होत्या. सासूबाई कधीच घोरत नाहीत, उलट मुलाच्या घोरण्यावर रात्रभर टीका करतात.

"आई," मी कुजबुजले, "तुम्ही जाग्या आहात."

"झोपले आहे मी."

"तुमच्या गादीखाली काय आहे?"

"तुला ठाऊक असायला हवं. ठेवलंयस तू."

मी गादीचा कोपरा वर केला. माझी बॅटरी होती. आणि तिच्यातून एक वायर निघाली होती, जी माझी नव्हती. ती पलंगाच्या कडेने वर जाऊन सासूबाईंच्या पांघरुणात शिरत होती. पांघरूण उचललं तर दोन्ही गुडघ्यांना गुंडाळलेला विजेवर तापणारा पट्टा. आता थंडगार पडलेला.

"हे कोणी लावून दिलं?"

"त्याच मेकॅनिकने. तुझं काम चाललं होतं तेव्हा मी बाहेर खुर्चीत बसले होते, आंधळी नव्हते. दुसऱ्या दिवशी तू बाजारात गेलीस, मी त्याला बोलावून घेतलं."

"मला एक शब्द बोलला नाही."

"तुझं तरी बाळ्याला कुठे बोलला? सज्जन आहे पोरगा."

बाळ्या म्हणजे आमचे हे. मी कपाळाला हात लावला. चोरावर मोर म्हणतात तो हा, आणि मोर ऐंशीच्या पुढचा.

"आई, निदान सांगायचं तरी. ही चोरी झाली."

"म्हणजे नवऱ्यापासून लपवून तू ठेवतेस ती बचत, आणि माझ्याच गादीखालून मी घेते ती चोरी?" सासूबाईंनी पांघरूण वर ओढलं. "थंडी बघतेस ना? आल्यापासून दिवसरात्र लावला होता. बाळ्याला सांगितलं असतं तर त्याने माझे गुडघे कुठल्या फीडरवर टाकले असते देव जाणे. काल संध्याकाळी गार पडला, तेव्हापासून मी मुकाट्याने सोसते आहे. माझं कोणी ऐकतंय?"

दुखणाऱ्या गुडघ्यांशी वाद घालता येत नाही, आणि सासूबाईंच्या जिभेशी तर नाहीच. मी गादी खाली सोडली, डबा जागेवर सरकवला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. आता गादीखालचा आधार संपला होता. जे काही होतं ते ह्यांच्या एका बॅटरीत, आणि रविवार सकाळपर्यंत ते पुरवायचं होतं.

त्या दुपारपासून माझा अवतार बदलला. लेकीने न्हाणीघरातला दिवा चालू ठेवला, मी धावत जाऊन बंद केला. तिने पंप सोडला, मी तांब्याने पाणी दिलं. फ्रिज एकदाच उघडून जेवणाचं सगळं एका दमात बाहेर काढलं. सासूबाईंना मोबाइलवर पत्ते खेळायची सवय, तो मी काढून घेतला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मुडदे लुटते आहे, पण तोंड उघडायची सोय नव्हती. दोघी एकाच नावेत होतो.

"आई," लेक म्हणाली, "तू कधीपासून अशी झालीस? तुला तर बाबांचं हे सगळं वेड वाटायचं."

"शिस्त लागते माणसाला," मी म्हटलं.

हे ऐकून ह्यांना भरून आलं. खरंच आलं. मेणबत्तीच्या उजेडात माझ्याकडे बघत म्हणाले, "इतक्या वर्षांनी तुला पटलं ना?" मला त्या क्षणी गाडीच्या खाली जाऊन बसावंसं वाटलं. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते उगीच नाही.

रविवारी सकाळी उठले तर हे मीटरसमोर उभे होते आणि त्यांचा चेहरा उजळला होता. काटा निम्म्याच्या वर होता. धुक्यात, चार माणसांनिशी, निम्म्याच्या वर. लेकीनेही वाकून पाहिलं आणि मान डोलावली. "बाबा, मानलं," म्हणाली. चहा झाला, भांडी आवरली, खुर्च्या आत घेतल्या. परत जाताना लेक आमच्याबरोबरच यायची होती. हे चालकाच्या जागेवर बसले, आरशात केस नीट केले आणि चावी फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. पुन्हा टक्. तिसऱ्यांदा तेवढंही नाही.

आणि मला मेकॅनिकचं बोलणं आठवलं. आयसोलेटर. ही रिकामी झाली की इंजिनाची हिच्या मागोमाग. सासूबाईंच्या गुडघ्यांनी आधी माझी बॅटरी प्यायली आणि मग माझ्या त्या वायरमधून हॉस्पिटल फीडरही.

हे हलले नाहीत. चावीवर हात तसाच. मग खाली उतरले, झाकण उघडलं, बॅटरीकडे पाहिलं, झाकण लावलं. पुढच्या सगळ्या दिव्यांची बटणं एकेक करून तपासली. खिसे चाचपले, कशासाठी ते त्यांनाही ठाऊक नसावं. "मी रात्री इथला दिवा चालू ठेवला असेन," ते म्हणाले. "आठवत नाही, पण ठेवला असेन. दुसरं काय असणार."

"असू दे बाबा," लेक म्हणाली.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती इतकं हळू बोलली की जणू ते आजारी होते. ह्यांनी चावी काढली आणि तिच्या हातात दिली.

"बोलाव त्या गृहस्थांना. तू म्हणतेस ते खरं आहे. हॉस्पिटल फीडर पाडणाऱ्याने कंट्रोल रूममध्ये बसू नये."

खरं सांगते, एक क्षणभर मी गप्प राहिले. बोलले तर ह्यांना कळणार की ढगाळ दुपारी काटा कोण वर चढवत होतं, आणि गाडी तशीही जाणार. नाही बोलले तर गाडी जाईल, पण माझी झाकली मूठ तरी राहील. मग मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे स्वतःच्याच डोक्याकडे संशयाने बघत होते. गाडी गेली तर मी रडले असते, पण ते मला सहन होईना.

"दिवा तुम्ही ठेवला नाही," मी म्हटलं. "आई, उठा."

"मी नाही उठणार," पलंगावरून उत्तर आलं.

"उठा म्हणते ना."

"गुडघे दुखतात."

शेवटी लेकीने आणि मी मिळून सासूबाईंना गादीसकट कलतं केलं. खालून बॅटरी दिसली, वायरी दिसल्या, आणि सासूबाईंच्या गुडघ्याचा पट्टा लोंबकळला. मी सगळं सांगितलं. तांदळाच्या डब्यापासून मेकॅनिकपर्यंत. सासूबाई मधूनमधून "मी तर नंतर आले ह्यात" असं घालत होत्या.

हे गुडघ्यांवर बसले आणि माझी वायर बोटाने चाचपत इंजिनाच्या दिशेने गेले. मग परत आले.

"आयसोलेटर कुठाय?"

"नाही बसवला."

"नाही बसवला?" बायकोने फसवलं ह्याचा धक्का मागाहून येणार होता. आयसोलेटर नाही, हा आधी बसला. "दोन बॅटऱ्या सरळ जोडल्या? मध्ये काहीही नाही?" त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. "म्हणजे ते ढगाळ दिवशी काटा वर जायचा..."

"मी."

"दर वेळी?"

"बहुतेक वेळी. पहिल्यांदा तुम्ही जेवला नव्हतात. मला बघवलं नाही."

"वीज गेली तर मी शोधून काढतो," ते हळूच म्हणाले. "वीज आली तर कोण शोधतं?" आणि बाहेर जाऊन तळ्याकडे तोंड करून उभे राहिले. मला त्यांच्या पाठीकडे बघवेना. चाळीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना लहानमोठं पुष्कळ फसवलं, पण त्यांची लाज कधी काढली नव्हती. ती आज काढली.

लेक माझ्याकडे वळली. आता तिचा आवाज कामावरचा होता. "आई, इथे आल्यावर खटका कितीदा फिरवलास?"

"एकदाही नाही. दोन दिवस ऊन होतं. परवा तू होतीस. काल बघितलं तर दिवा विझलेला."

"नक्की? एकदाही नाही?"

"तुझी शपथ."

"आजी, तुझा पट्टा बाबांच्या बॅटरीवर कधी लावलास?"

"त्याच्या बॅटरीला मी कशाला हात लावू? माझी होती की."

लेकीने मीटरकडे पाहिलं. पण तिच्या आधी सासूबाई बोलल्या. त्यांनी पलंगापाशीची खिडकी उघडली आणि तळ्यापर्यंत पोचेल असा आवाज लावला.

"बाळ्या, इकडे बघ. ह्या खेपेला हिने तुला काही दिलंच नाही. द्यायला होतं कुठे? मी सगळं आधीच गुडघ्यांना लावलं होतं. मग काटा निम्म्यावर राहिला कोणाच्या जोरावर? मी चोरी केली म्हणून तर तुझं नियोजन खरं ठरलं. आता माझे आभार मानायचे सोडून पाठ काय दाखवतोस?"

हे वळले. उभ्या उभ्या त्यांचे ओठ हलू लागले. मी ते ओठ ओळखते, हिशेब चालला होता. फ्रिज, पंप, दिवे, धुकं, चार माणसं. ते आत आले, मीटरवर टिचकी मारली, काटा हलला नाही.

"हे खरं आहे?" त्यांनी मला नाही, लेकीला विचारलं.

"तपासलं मी," लेक म्हणाली. "साक्षीदार दोन्ही चोर आहेत, पण दोघींचं जुळतंय. हे सगळं तुमचं आहे, बाबा."

मग जे झालं ते मी ह्यांच्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत पाहिलं नव्हतं, कारण मी कंट्रोल रूममध्ये कधी गेलेच नव्हते. ह्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. माझी वायर पक्कड लावून सोडवली आणि टेप गुंडाळून बाजूला ठेवली. जाड जोडवायरी काढल्या, ओट्याखालच्या बॅटरीपासून दारातून, पायरीवरून, इंजिनापर्यंत नेल्या. जेमतेम पुरल्या. "पहिला फीडर बंद," म्हणाले. लेकीने फ्रिज बंद केला. "दुसरा." मी पंप. "तिसरा, चौथा." आवाज शांत, स्वच्छ, उगाच चढवलेला नाही. गाडीत काहीच चालू राहिलं नाही, फ्रिजची घरघरसुद्धा नाही. "थोडा वेळ भरू दे." काटा खाली येत होता, हे त्याच्याकडे बघत होते, आणि पहिल्यांदाच तो खाली आल्याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं.

"फिरव," त्यांनी लेकीला सांगितलं.

तिने चावी फिरवली. इंजिन खोकलं, अडखळलं आणि लागलं. सासूबाई म्हणाल्या, "लागला बाई डबा." मी पदराने डोळे पुसत होते. हे जोडवायरी गुंडाळत माझ्याजवळून गेले आणि जाता जाता एवढंच बोलले, "उद्या आयसोलेटर बसवायचा. मी स्वतः."

उद्या म्हणजे गाडी आमचीच असं ह्यांनी धरून चाललं होतं. लेकीने मात्र अजून काही सांगितलं नव्हतं. हे चालवायला बसले, ती शेजारी, मी मागे सासूबाईंपाशी. रस्त्याला लागलो आणि तिचा फोन वाजला. ते गृहस्थ होते. दुपारी किती वाजता येऊ, विचारत होते. मी सासूबाईंचा हात धरला. त्यांनीही माझा धरला, आणि चांगलाच घट्ट.

"नका येऊ," लेक म्हणाली. "गाडी चांगली आहे. चालवणाराही पक्का आहे. पण ती विकता येणार नाही. आत दोन चोर आहेत, आणि ते उतरायला तयार नाहीत."

"तीन सांग," हे रस्त्यावरून नजर न काढता म्हणाले.

लेकीने फोन कानापासून बाजूला धरला.

"परवा संध्याकाळपासून काटा हिशेबापेक्षा थोडा थोडा जास्त उतरतोय. तुझ्या लॅपटॉपचा चार्जर. फ्रिजच्या मागच्या प्लगला, टॉवेलखाली. मी बघितला होता, म्हटलं पाहुणी आहे, चालू दे. आणि ठमे, टाकी भरायला लावून विसरले होते ते मी नाही, तुझी आजी."

सासूबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. लेक वडिलांच्या चेहऱ्याकडे बघत एकदम हसली आणि तिने फोन पुन्हा कानाला लावला.

"तीन आहेत," ती म्हणाली.